मांजराचा कान आणि आपले उपाय



वसंतातल्या या व्याख्यानांत देश, धर्म, वाङ्मय, विज्ञान असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या पंगतीत मी आज मांजराचा कान घेऊन बसलो आहे. विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहीजण हसले असतील, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण हसून झाल्यावर क्षणभर आपापल्या घराकडे पाहावे. या रत्नागिरीत ज्या घरी मासळी येते त्या घराच्या मागीलदारी मांजर असते. आणि ज्या घरी मासळी येत नाही तिथेही उंदरांच्या निमित्ताने ते असतेच. आता या आंब्याच्या दिवसांत कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लाकडांच्या खोपीत पिल्ले झाली असतील. ती दीड-दोन महिन्यांची होतात, पडवीत येऊन बसतात आणि मागच्या पायाने कान खाजवू लागतात. आपण म्हणतो, "खेळतंय!" पुष्कळदा ते खेळत नसते.

मी हे इतक्या खात्रीने सांगतो याला एक कारण आहे, आणि ते आधी सांगून टाकतो. मी बारा वर्षांचा असताना आमच्या घरी चंपी नावाची मांजरी होती. एका पावसाळ्यात तिने कान खाजवायला सुरुवात केली. डोके झटकी, मान एका बाजूला कलती धरी, आणि कानात पाहिले तर चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ. आजीने कोमट खोबरेल तेलाचे दोन थेंब कानात सोडले आणि मळ पुसून काढला. दोन दिवस चंपी शांत झोपली. आठवड्याभरात खाज पुन्हा सुरू! आजीने पुन्हा तेल घातले, पुन्हा बरे वाटले, पुन्हा उलटले. मला धीर नव्हता. गोठ्यात बैलाच्या जखमेत किडे पडले की गडी काळे फिनेल लावतो हे मी पाहिले होते. बैलाला जे चालते ते मांजराला का चालू नये, अशा हिशोबाने मी फिनेल पाण्यात कालवले आणि कुणाला न सांगता चंपीच्या दोन्ही कानांत ओतले. ती माझ्या हातून निसटली आणि पंजाने कान पुसून पंजा चाटत बसली. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीमागे मेलेली सापडली. आजी मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवे होते असे मला पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले.

नंतर पशुवैद्यकाचा व्यवसाय माझ्या वाट्याला आला, आणि त्या पावसाळ्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला मिळाली. आजीच्या तेलाने बरे वाटूनही खाज परत का येई? आणि बैलाला सोसणाऱ्या फिनेलाने चंपी का मेली? आजचे माझे भाषण म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरे, एवढेच.

पहिल्या प्रश्नासाठी कानाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. मांजराच्या कानाची नळी आपल्या नळीसारखी जवळजवळ सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्यापाशी जाते. आपल्याला वरून दिसतो तो विहिरीचा काठ. तळ दिसत नाही. ही नळी उबदार, ओलसर आणि अंधारी असते. तेथे एक जीव सुखाने नांदतो. शास्त्रज्ञ त्याला ओटोडेक्टिस सायनॉटिस म्हणतात. तो गोचिडीच्या आणि कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. खरजेचा किडा कातडी पोखरून आत शिरतो. हा तसा शिरत नाही. तो कातडीवरच वावरतो आणि तेथला मळ व पाझर यांवर जगतो. त्याच्या वावराने कान चिडतो, मेण जास्त सुटते, त्यात थोडे रक्त आणि किड्यांची घाण मिसळते, आणि तो काळा चोथा तयार होतो. मादी तिथेच अंडी घालते. साधारण चार दिवसांत अंडे फुटते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात.

आता आजीच्या तेलाचे कोडे सुटते. तेलात किडे गुदमरतात, मळ मऊ होऊन निघतो, म्हणून दोन दिवस आराम पडतो. पण अंडी शिल्लक राहतात, आणि नवी पिढी वाढीला लागते. शिवाय आमच्याकडे गल्लीतला एक बोका रोज येत असे आणि कुत्राही होता. हा किडा अंगाला अंग लागून मांजराकडून मांजराकडे, मांजराकडून कुत्र्याकडे जातो, आणि आईकडून पिल्लांकडे तर दूध पिता पिताच. एका चंपीचे कान साफ करून काय होणार? म्हणजे आजी पुरती चुकली नव्हती. तिचा उपाय अपुरा होता. माझा उपाय घातक होता.

या खाजेचे दुःख किती असते ते मांजर सांगू शकत नाही, पण एका माणसाने ते सांगून ठेवले आहे. रॉबर्ट लोपेझ नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने मांजराच्या कानातले किडे काढून ते स्वतःच्या कानात सोडले! किडे आत फिरू लागताच त्याला खरवडल्यासारखे आवाज ऐकू येऊ लागले, आणि मग जी खाज सुटली तिने त्याची झोप उडवली. रात्री तिचा जोर अधिक. काही आठवड्यांत कान मळाने भरून गेला. एवढ्यावर न थांबता त्याने हा प्रयोग पुन्हा केला, आणि मग तिसऱ्यांदाही. दर खेपेला त्रास कमी झाला. १९९३ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला इग नोबेल नावाचे पारितोषिक देतात, ते त्याला १९९४ साली मिळाले. हे किडे माणसाला सहसा लागत नाहीत, तेव्हा आपण घाबरू नये. पण आपले मांजर रात्री उठून डोके आपटते तेव्हा त्याच्या कानात काय चालले असेल याची कल्पना या गृहस्थामुळे येते.

मात्र प्रत्येक खाजरा कान किड्यांचाच असतो असे समजू नये. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मग चिडलेल्या कानात यीस्टची किंवा जंतूंची वाढ झाली तर नवल नाही. तेव्हा कानाला घाण वास येतो, पाझर तपकिरी किंवा पिवळा असतो. कानाच्या कडेवर करड्या खपल्या धरून त्या तोंडाकडे पसरत असतील तर ती मांजराची खरूज. ती घरच्या माणसांनाही काही काळ खाजवू शकते. पिसवांची किंवा एखाद्या अन्नाची ॲलर्जी असेल तरी कान लाल होतात. कधी कानात गाठ वाढलेली असते. आणि पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोकावर उन्हाने झालेले व्रण बरे होत नसेल तर ते दाखवण्यात एक दिवसही घालवू नये, कारण तो कर्करोग असू शकतो. वरून पाहता या साऱ्यांचे लक्षण एकच, कान खाजवणे. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आता दुसरा प्रश्न: फिनेलने चंपी का मेली?

आपल्या पोटात एखादे विषारी द्रव्य गेले की यकृत त्याला साखरेच्या जातीचा एक रेणू जोडून देते, त्यामुळे ते पाण्यात विरघळते आणि लघवीवाटे बाहेर पडते. फिनॉलच्या जातीची द्रव्ये काढून टाकण्याची ही मुख्य वाट. मांजराच्या शरीरात ही जोडणी करणारे एक विकर तयारच होत नाही. ते बनवणारे जनुक त्याच्याकडे मोडके आहे. केवळ घरच्या मांजराकडेच नव्हे, सिंहासारख्या त्याच्या मोठ्या भाऊबंदांकडेही. शास्त्रज्ञांचे अनुमान असे, की पिढ्यान् पिढ्या नुसत्या मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतल्या द्रव्यांशी झुंजण्याची गरजच पडली नाही, आणि न वापरलेले हत्यार गंजून गेले.

याचा अर्थ आपल्या फडताळातल्या बाटल्यांकडे पाहून लक्षात घ्यावा. काळे फिनेल फिनॉलच्या गोताचे. डेटॉलमधले द्रव्यही त्याच गोताचे. ओव्याच्या तेलातले थायमॉल आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल, हीसुद्धा त्याच घराण्यातली. आपल्याकडे कान दुखला की लसूण कढवलेले खोबरेल घालतात. पण लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. आणि मांजराच्या कानावर लावलेले काही कानावर राहत नाही. पंजा कानावर, मग जीभ पंजावर. घटकाभरात औषध पोटात. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल देणारे दयाळू लोक मी पाहिले आहेत. आपण डोकेदुखीवर घेतो ती एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. तसेच कुत्र्याच्या अंगावर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला झटके आणते. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, आणि लहान माणूस तर नव्हेच.

मग करावे काय? काळा मळ दिसला तर कापसाने थोडासा काळ्या कागदावर घ्यावा आणि भिंगातून पाहावा. पांढरे ठिपके हलताना दिसले तर किडे आहेत. दिसले नाहीत म्हणून नाहीत असे मात्र समजू नये. कानात काडी, बोळा, केसांचा आकडा असले काही घालू नये. नळीचे वळण आठवावे. काडीने मळ आत ढकलला जातो आणि पडदाही फाटू शकतो. पडदा फाटलेला असताना काही थेंब आतल्या कानात उतरले तर मांजर बहिरे होते किंवा त्याचा तोल जातो. म्हणून पशुवैद्याने कान तपासल्यावाचून कुठलेही थेंब, अगदी माणसाचे किंवा शेजारच्या मांजराचे उरलेलेसुद्धा, घालू नयेत.

किड्यांवर आज चांगली औषधे आहेत. सेलामेक्टिनसारखे औषध वजनाच्या मापाने मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, कातडीवर सोडतात. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांना एकाच वेळी उपचार करावा, आणि ते बसतात ती गोणपाटे, गोधड्या गरम पाण्याने धुवाव्या. दुसरे, खाज थांबली म्हणून उपचार थांबवू नये. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत तीन आठवड्यांची असली तर ती अंड्यांचा हिशेब धरून असते. खाजवून खाजवून कानाची पाळी पाण्याच्या फुग्यासारखी फुगली, किंवा मांजर चालताना झोकांड्या खाऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येथे कुणी म्हणेल, की मांजराला कसला डॉक्टर! हा विचार फार जुना आहे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. त्या काळी घोड्यावाचून गाडी चालत नव्हती आणि बैलावाचून शेत, म्हणून वैद्यकाचे लक्ष आधी त्यांच्याकडे गेले. मांजराची पाळी सर्वांत शेवटी आली. आज ती आली आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यातालुक्यात आहेत, आणि मांजर पिशवीत घालून तिथे गेले तर कुणी हसत नाही. हसलेच, तर हसू द्यावे.

आमच्या घरी पुढे पुष्कळ मांजरे झाली. त्यांच्यापैकी कुणाचा कान खाजू लागला की आजी तेलाची वाटी हातात घ्यायची, माझ्याकडे पाहायची आणि विचारायची, "आधी बघितलंस का आत काय आहे ते?" मी पुढे ज्या महाविद्यालयात शिकलो तिथे हेच शिकवायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. आपणही घरी गेल्यावर आपल्या मांजराला मांडीवर घ्या, कानाची पाळी हलकेच उलटी करा आणि उजेडात पाहा. आज एवढेच करा. हातात बाटली घेऊ नका.