व्यवहार-संघर्षाचे निदान

कोशकार्यासाठी रिलेशनल डेटाबेस वापरताना अनेक संपादक एकाच वेळी नोंदी सुधारीत असतात. अशा वेळी ‘माझी दुरुस्ती नोंदली गेली नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. या एका तक्रारीच्या मुळाशी तीन भिन्न घटना असू शकतात. त्यांचा भेद न ओळखता योजलेला उपाय निष्फळ ठरतो. प्रस्तुत विवेचन पोस्टग्रेसक्यूएल या प्रणालीपुरते मर्यादित आहे.

व्यवहार म्हणजे एक तर संपूर्ण सिद्धीस जाणारा, नाही तर संपूर्ण रद्द होणारा क्रियासमूह होय. व्यवहाराने एखादी ओळ बदलली की तिला कुलूप लागते व ते व्यवहार संपेपर्यंत राहते.

पहिली घटना केवळ प्रतीक्षेची. एका संपादकाने नोंद बदलली, परंतु व्यवहार पुरा केला नाही. तीच नोंद बदलू पाहणारा दुसरा तिष्ठत राहतो. ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ हे फलन कोण कोणास अडवीत आहे ते दाखविते. अडविणारा पुष्कळदा स्वस्थच बसलेला असतो. त्याची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी नोंदलेली आढळते. व्यवहार आखूड ठेवणे हाच येथे उपाय.

दुसरी घटना डेडलॉकची. समजा, ‘भाकर’ आणि ‘भाकरी’ या नोंदींत परस्परसंदर्भ घालावयाचे आहेत. एक संपादक ‘भाकर’ बदलून ‘भाकरी’कडे वळतो, दुसरा उलट क्रमाने येतो. दोघेही अडतात. अन्यथा ठरविले नसल्यास १ सेकंदाच्या प्रतीक्षेनंतर प्रणाली हे चक्र हुडकून एक व्यवहार रद्द करते. त्रुटीचा संकेतांक ४०पी०१. रद्द झालेला तोच अपराधी, असे मात्र समजू नये. लॉगमध्ये दोघांची अडलेली विधाने सापडतात. आधीचे कुलूप ज्या विधानाने लावले ते तेथे असेलच असे नाही. पूर्वसंदर्भावाचून सुटे वाक्य जसे उलगडत नाही, तसेच हे आहे. म्हणून मूळ आज्ञावली वाचून विधानांचा क्रम लावावा, आणि सर्वत्र नोंदी एकाच ठरीव क्रमाने बदलाव्यात.

तिसरी घटना निःशब्द, म्हणूनच सर्वांत घातक. दोघांनी एकच नोंद वाचली. एकाने व्युत्पत्ती सुधारली, दुसऱ्याने अर्थ. आणि दोघांनीही संपूर्ण नोंद परत लिहिली. ‘रीड कमिटेड’ या मूळच्या पातळीवर दुसरे लेखन पहिल्यास पुसून टाकते. लॉगमध्ये त्रुटीची खूणही राहत नाही. वाचन व लेखन एकाच व्यवहारात असेल, तर ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर दुसरा व्यवहार ४०००१ या संकेतांकाने नाकारला जातो. मग तो वाचनापासून पुन्हा करावा लागतो. ती दोन्ही वेगळ्या व्यवहारांत असतील, तर नोंदीस आवृत्तिक्रमांक देऊन लेखनाच्या वेळी तो ताडून पाहणे आवश्यक.

सारांश, त्रुटीचा संदेश हा पुष्कळदा सामग्रीचे रक्षण झाल्याचा पुरावा असतो. लॉग कोरा आहे, एवढ्यावरून कोश सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही.