दोन पंप आणि एक कागद

मस्कतहून दीडेकशे किलोमीटरवर, हजर पर्वताच्या पायथ्याशी रुस्ताक आहे. जुना किल्ला, गरम पाण्याचा झरा आणि खजुराच्या बागा यांसाठी गाव प्रसिद्ध. मस्कतसारखी मराठी वस्ती मात्र इथे नाही. रात्री दोन वाजता मुलाची छाती वाजायला लागली, तर शेजारच्या काकूंना हाक मारता येत नाही. हाताशी असतात ते खणातले दोन पंप आणि डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी-अरबी कागद. त्या कागदाचा अर्थ आईबापांना नीट लागलेला असला, तर निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची.

इंजिनिअरनं वैद्यकीवर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच! पण हा लेख औषधांवर नाही, सूचनांवर आहे. यंत्र कितीही चांगलं असो, चालवणाऱ्याला मॅन्युअल कळलं नाही तर ते बंदच पडतं. आम्हा लोकांचं आयुष्य मॅन्युअल वाचण्यात आणि दुसऱ्यांना समजावून सांगण्यात जातं, एवढाच काय तो अधिकार.

पहिली अडचण शब्दांचीच. ‘दमा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओसरीवर खोकत बसलेले आजोबा येतात. सहा वर्षांच्या मुलाला दमा? छे! मग घरात त्याला ‘अ‍ॅलर्जी’, ‘कफ’, ‘हवामानाचा त्रास’ अशी सौम्य नावं मिळतात. सर्दीसारखा आला-गेला आजार असं एकदा ठरलं, की छाती मोकळी होताच औषधही बंद. डॉक्टर ‘व्हीझ’ म्हणतात, त्याला आपण ‘घरघर’ म्हणावं तर तीही पंचाईत. आपल्याकडे घरघर लागते ती शेवटची! त्यापेक्षा ‘छातीत शिट्टी वाजते’ म्हणावं. ते आजीलाही कळतं आणि मुलालाही सांगता येतं.

दुसरी अडचण दोन पंपांची. आमच्या ओळखीचं एक सोलापूरचं जोडपं इथे आहे. मुलगा सहा वर्षांचा. महिन्यातून दोन-तीन रात्री जागरण ठरलेलं. कागदावर निळ्या पंपापुढे ‘अ‍ॅज रिक्वायर्ड’ आणि दुसऱ्यापुढे ‘ट्वाइस डेली’ लिहिलेलं होतं. वडिलांनी ‘रिक्वायर्ड’चा शाळेत शिकलेला अर्थ लावला : आवश्यक. म्हणून निळा पंप रोज सकाळ-संध्याकाळ चालू, आणि दुसरा, ‘तब्येत बरी आहे, उगाच कशाला’ म्हणून कपाटात. म्हणजे नेमकं उलटं! एका शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तो कागद मराठीत उतरवला. सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे दादा, निळा आग विझवायचा, आणि दुसरा आग लागूच नये म्हणून.” इतकं चांगलं भाषांतर मला जमलं नसतं.

आमच्या भाषेत पहिला ब्रेकडाउनचा आणि दुसरा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा. निळ्यात बहुधा सालब्युटामॉल असतं. ते आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतं, पण आतली सूज कमी करत नाही. सूज उतरवतं ते दुसऱ्या पंपातलं, फवाऱ्यातून जाणारं स्टेरॉइड. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून मूल हसतं-खेळतं असतानाही ते रोज घ्यायचं, आणि कमी किंवा बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. काही मोठ्या मुलांना हल्ली दोन्ही कामांसाठी एकच पंप देतात. तसं असेल तर हा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

रंगावर मात्र फार भिस्त नको. देश बदलला, कंपनी बदलली की रंग बदलतो. नावंही बदलतात : आपलं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. म्हणून औषधाचं मूळ नाव कागदावर लिहून ठेवावं.

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही वाक्यं आपण सर्वांनी ऐकली आहेत. थोडं गणित करू या. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ५ मिली सिरपमध्ये असतं २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. सिरप पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. फवारा जिथे काम आहे तिथेच जातो. मग जपून वापरलेलं औषध कोणतं?

गंमत म्हणजे या पंपाचा जन्मच एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेझन यांना त्यांच्या दमेकरी किशोरवयीन मुलीनं विचारलं, की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यातून का नाही मिळत? मार्च १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला.

पण तो वापरायचं एक तंत्र आहे. फवारा इतक्या वेगानं सुटतो, की थेट तोंडात मारला तर बराचसा घशावरच आपटतो. मधे ती प्लॅस्टिकची नळकांडी, म्हणजे स्पेसर, लावली की वेग मंदावतो आणि औषध खाली छातीपर्यंत पोचतं. लहानग्यांना मास्कसह, मोठ्यांना तोंडात धरून. पंप हलवा, एकच फवारा मारा, पाच-सहा शांत श्वास घेऊ द्या. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा. दोन एकदम मारू नयेत. स्टेरॉइडच्या पंपानंतर खळखळून चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्यावा. कापडानं पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतींना चिकटतं.

आणि एक ओमानी सूचना : पंप गाडीत ठेवू नका. डबीवर ५० अंशांच्या वर तापवू नये असं लिहिलेलं असतं. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडी ती मर्यादा कधीच ओलांडून जाते.

भाषेचे खड्डे फक्त आपल्याच वाटेवर आहेत असं नाही. अमेरिकेत औषधाच्या चिठ्ठीवर ‘वन्स’ म्हणजे दिवसातून एकदा लिहितात. पण त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो अकरा! आपल्याला इथे अरबी आकडे फसवतात. अरबी चार हुबेहूब आपल्या सहासारखा दिसतो, आणि अरबी पाच म्हणजे नुसता गोल, आपलं शून्य. ‘दर चार तासांनी’चं ‘दर सहा तासांनी’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

यावर उपाय साधा आहे. डॉक्टर किंवा नर्स “समजलं का?” विचारतात आणि आपण भिडेखातर “यस, यस” म्हणतो. त्याऐवजी आपणच म्हणावं, “मला समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा,” आणि पंप हातात घेऊन करूनही दाखवावं. चूक तिथेच सापडते, रात्री दोनला नाही. इंग्रजी बोलायची लाज वाटत असेल, तर मोडकंतोडकं हिंदी बोलावं, ओळखीच्या कुणाला सोबत न्यावं. पण दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आजाराचा दुभाषा करू नये.

मग घरी एकच कागद करावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर. सिग्नलचे तीन रंग. हिरवा : खेळतो, झोपतो, शिट्टी नाही, रोजचा पंप चालू. पिवळा : खोकला, शिट्टी, रात्री जाग, निळ्याचे किती फवारे, किती तासांनी, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घेतलेलं. लाल : एका दमात वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, किंवा निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नाही; फवारे देत देत तडक हॉस्पिटल, नाहीतर ९९९९ ला फोन. छाती एकदम शांत झाली पण मूल गळून गेलं, तर तेही लालच. कागदाची एक प्रत शाळेत बाईंकडे, निळ्या पंपासह.

त्याच कागदाच्या तळाशी घरातल्या शत्रूंची यादी. इथल्या घराघरांतून, दुकानांतून बखूर आणि लोबान जळतो. सुवास सुंदर, पण धूर तो धूरच. यजमानांना प्रेमानं सांगितलं तर ते लगेच धुपाटणं बाजूला ठेवतात. आपली उदबत्ती, मच्छरची कॉइल, बाळाला द्यायची धुरी आणि मिरचीच्या फोडणीचा खकाणाही याच पंगतीतले! शिवाय धुळीची वावटळ आणि एसीची महिनोन्‌महिने न धुतलेली जाळी. अवघड कुठे असेल तर सिगारेट घराबाहेर घालवणं, आणि तेच सर्वांत गरजेचं.

सुट्टीत भारतात गेलात की हा कागद, दोन्ही पंप आणि स्पेसर हातातल्या बॅगेत असू द्या. तिथे कोणी हैदराबादच्या मृगातल्या माशाचं औषध सुचवेल, कोणी कोजागिरीच्या खिरीतलं. वडीलधाऱ्यांशी वाद घालत बसू नये. पण रोजचा पंप त्यासाठी एक दिवसही थांबवू नये. उलट आजीलाच तो कागद वाचायला द्या. रात्री नातवाजवळ झोपणारी तीच असते.

त्या सोलापूरच्या घरी आता फ्रिजवर कागद आहे. ‘हिरवा-पिवळा-लाल’ ही अक्षरं मुलानं स्वतः रंगवली आहेत, आणि पाहुणा आला की पंप कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक तोच देतो. आपल्या पुढच्या मेळाव्यात एका टेबलावर असे कोरे मराठी कागद ठेवता आले, आणि आपल्यातल्याच एखाद्या डॉक्टरांनी तासभर तिथे बसायचं कबूल केलं, तर किती बरं होईल! मंडळींनी विचार करावा.