इंजिनाच्या कप्प्यातील लोखंडाला घरी रंग

हैदराबादहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दिलसुखनगर आहे. जवळची गड्डीअन्नारमची फळमंडई 2021-22 मध्ये बाटासिंगारमला गेली. त्याआधी उन्हाळ्यात तेथे आंब्याच्या गाड्यांची रीघ लागे. मालवाहू गाडी कोठलीही असो, बॉनेट उघडले की धूळ, तेलाचा चिकटा आणि बॅटरीखालचा गंजलेला पत्रा दिसतो. हा गंज घरच्या घरी थांबवता येतो. मात्र रंगापेक्षा आधीच्या सफाईलाच अधिक वेळ द्यावा लागतो, हे आम्ही प्रथमच सांगतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. भाग शक्य तर काढूनच रंगवावा. रॉकेलने तेल सुटते, पण रॉकेलचा स्वतःचा थर मागे राहतो. म्हणून नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन भाग नीट सुकवावा. बॅटरीच्या तबकावर आम्लाचा अंश असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर ओतावा, फेस येणे थांबेपर्यंत. हे न करता रंग दिला, तर आतून गंज चालूच राहतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात.

जुना रंग घासताना सावध राहावे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. वाहनांचे रंग त्या नियमात येत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरच्या पिवळ्या वा तांबड्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून पॉलिश कागद पाण्यात भिजवून घासावे, मुलांना दूर ठेवावे, आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. ॲल्युमिनियमवर तो धरत नाही. त्यासाठी एच प्रायमर मागावा. वर रंगाचे तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात ओघळतो. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे तापमान शेकडो अंशांवर जाते, तेथे साधा इनॅमल जळून जातो. उष्णतारोधक सिलिकॉन रंगच घ्यावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे तो हळूहळू तापवून पक्का करावा. रेडिएटरच्या जाळीवर, पट्ट्यांवर, रबरी नळ्यांवर, गॅस्केट बसते त्या जागी आणि अर्थिंगची तार टेकते तेथे रंग नको. अर्थिंगखाली रंग गेला की गाडी सुरू होत नाही आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

वेळही पाहावी. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यातील दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. आमच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कोरडी दुपार उत्तम.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि दूरच्या चुलीपर्यंत सरपटत जाऊन पेट घेते. बंद गोठ्यात किंवा खड्ड्यात हे काम करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ मुळीच नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्क घ्यावा. डोके दुखू लागले वा गरगरले, तर लगेच मोकळ्या हवेत यावे. हात थिनरने धुऊ नयेत, खोबरेल तेल चोळून साबणाने धुवावेत.