आवाज बसलाय? तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका

जयंतीत घोषणा दिल्या, भीमगीते गायली की आवाज बसतो, पण आठवडाभरात सुटतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला, तर गुळण्यांवर विसंबू नका, असे आम्ही वस्तीत सांगत असतो. सरकारी रुग्णालयाच्या नाक-कान-घसा विभागात दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

स्वरतंतूंचा कर्करोग आधी आवाज बदलतो, म्हणून लवकर सापडू शकतो. लहान गाठीवर दोन उपचार आहेत: लेझर किंवा शेक (किरणोपचार). लेझरमध्ये पूर्ण भूल देऊन तोंडातून नळी घालतात आणि लेझर किरणाने गाठ कापतात. गळ्यावर चीर पडत नाही. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. शेक मात्र पाच-सहा आठवडे घ्यावा लागतो, तेवढी मजुरी बुडते. दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. लेझरनंतर आवाज थोडा घोगरा राहू शकतो, ते आधीच विचारा. उशीर झाला तर संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागू शकते.

पैशासाठी अडू नका. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आपल्याला आवाज मोठ्या संघर्षाने मिळाला आहे. विडीपायी तो घालवू नका. जयभीम!