टेम्पल सरांच्या मुली

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपला मिल्खासिंग चारशे मीटरच्या शर्यतीत चौथा आला, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच रोममध्ये, त्याच दिवसांत, वीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने तीन सुवर्णपदके गळ्यात घातली. विल्मा रुडॉल्फ हे तिचे नाव. हे नावही पुष्कळांनी ऐकले असेल. पण विल्मा एकटी नव्हती. रोमला रिले शर्यतीत तिच्यासोबत धावलेल्या मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स आणि बार्बरा जोन्स या तिघीही तिच्याच संघातल्या, एकाच मैदानावर घाम गाळणाऱ्या मुली होत्या. त्या संघाचे नाव टायगरबेल्स. ही हकिकत त्या संघाची आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे राज्य आहे. त्याच्या राजधानीत, नॅशव्हिल शहरात, कृष्णवर्णीयांसाठी १९१२ साली सुरू झालेले एक सरकारी विद्यालय होते. आज ते टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचे. हॉटेलात त्यांना थारा नाही, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. अशा मुलखातल्या या विद्यालयातून पुढे चाळीस खेळाडू ऑलिंपिकला गेले. त्यांनी २३ पदके आणली, त्यांपैकी १३ सोन्याची.

आता एवढी पदके म्हटल्यावर तिथे मोठे स्टेडियम असेल, असे कोणालाही वाटेल. तसे काही नव्हते. एडवर्ड टेम्पल नावाच्या तरुणाकडे १९५० च्या सुमारास मुलींचा संघ आला, तेव्हा त्याला महिना दीडशे डॉलर मिळत. त्यातही अट अशी, की शिकवणी करायची आणि विद्यालयाचे पोस्ट ऑफिसही सांभाळायचे. मुली धावायच्या ती धावपट्टी राखेची होती, आणि तीसुद्धा अर्धवट. पूर्ण गोल नव्हताच. जगातल्या सर्वांत वेगवान स्त्रिया या अर्ध्या धावपट्टीवर तयार झाल्या.

टेम्पल सर हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. प्रशिक्षक म्हणून मात्र कडक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हायस्कूलच्या होतकरू मुलींना बोलावून घेत आणि दिवसातून तीन वेळा पळवत. पहिली वेळ पहाटे पाचची. एकदा विल्मा झोपून राहिली आणि सरावाला अर्धा तास उशिरा पोचली. सरांनी तिला मैदानाच्या तीस फेऱ्या जादा मारायला लावल्या. मिनिटाला एक फेरी! दुसऱ्या दिवशी विल्मा अर्धा तास आधीच येऊन बसली होती.

दोन तास काम, मग शिक्षण

या मुलींना खेळाडू म्हणून फुकट शिक्षण नव्हते. मुलांच्या फुटबॉल संघाला होते, मुलींना नव्हते. त्याऐवजी त्यांना काम मिळे. विद्यालयातच कुठल्या तरी कचेरीत किंवा इमारतीत रोज दोन तास काम करायचे, त्या बदल्यात फी आणि राहणे. ऑलिंपिकचे पदक घेऊन आलेल्या मुलीलाही यातून सूट नव्हती. वर्ग, दोन तासांचे काम, सराव आणि पुन्हा अभ्यास, असा त्यांचा दिवस. अभ्यासात मागे पडली तर मुलीला संघात जागा नाही. त्या चाळीस खेळाडूंपैकी एखादा अपवाद सोडला तर सगळ्या पदवीधर झाल्या. कित्येकींनी त्याही पुढचे शिक्षण घेतले. पदकांचा आकडा सगळीकडे छापला जातो, पण टेम्पल सर स्वतः अभिमानाने सांगत तो हा पदव्यांचा आकडा. आम्हालाही तोच मोठा वाटतो.

कारण ‘पळून पोट भरते का?’ हा आयांचा प्रश्न तिकडेही होताच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हौशी खेळाडूला बक्षिसाचे पैसे घेता येत नसत. सोन्याचे पदक घरी आणले तरी चूल त्याने पेटत नव्हती. पदवीने पेटली. विल्मा १९६३ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आपल्या गावी शिक्षिका झाली. ल्युसिंडा विल्यम्सने ओहायो राज्यातल्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवले. मे फॅग्ज हीसुद्धा शिक्षिकाच झाली.

या मे फॅग्जबद्दल थोडे सांगायला हवे, कारण संघाची खरी मोठी बहीण तीच. १९४८ साली, सोळाव्या वर्षी, ती लंडन ऑलिंपिकला गेली. १९५२ ला हेलसिंकीत रिलेमध्ये तिने सोने मिळवले. १९५६ ला मेलबर्नमध्ये ती तिसऱ्यांदा उतरली. तीन ऑलिंपिक खेळणारी ती पहिली अमेरिकन स्त्री धावपटू. मेलबर्नच्या रिले संघातल्या चारही मुली टायगरबेल्सच होत्या : मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, इझाबेल डॅनियल्स आणि सोळा वर्षांची विल्मा. त्यांना कांस्यपदक मिळाले. थोरलीने हात धरून धाकटीला मैदानात आणायचे, ही रीत या संघात इथूनच पडली.

स्पर्धेला जायचे तर प्रवास मोटारीने. टेम्पल सर गाडी चालवत आणि मुली दाटीवाटीने बसत. सोबत डबे बांधून घेतलेले असत, कारण वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना कोणी वाढत नसे. पेट्रोल पंपावर पैसे घेत, पण तिथला संडास वापरू देत नसत. मग गाडी रस्त्याकडेला थांबवायची आणि मुलींनी शेतात जायचे. देशासाठी पदके आणणाऱ्या मुलींची ही गत होती.

विल्माचा पाय आणि विल्माचा हट्ट

विल्मा क्लार्क्सव्हिल गावची. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस भावंडे, त्यात ती विसावी. वडील रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. पोरीला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. गावच्या दवाखान्यात काळ्यांवर उपचार होत नसत. म्हणून आई तिला दर आठवड्याला बसने ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, कृष्णवर्णीयांच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेई. बसमध्ये जागा मागच्या बाकावर. पायाला चोळायचे कसे, ते आई तिथे शिकली आणि घरी येऊन तिने मोठ्या पोरांना शिकवले. मग सगळ्यांनी पाळीपाळीने विल्माचा पाय चोळायचा. कॅलिपर लावून चालणारी ही पोर बाराव्या वर्षापर्यंत कुबडीशिवाय, कॅलिपरशिवाय बास्केटबॉल खेळू लागली. टेम्पल सर हायस्कूलच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून जात. तिथेच त्यांनी तिला हेरले.

पुढे एक प्रसंग आला. १९५८ मध्ये, विद्यापीठात पाऊल टाकण्यापूर्वीच, विल्मा आई झाली. मूल असलेली मुलगी संघात घ्यायची नाही, हा सरांचा नियम होता. तिच्यासाठी त्यांनी तो मोडला. तान्ह्या मुलीला घरच्यांनी सांभाळले आणि विल्मा नॅशव्हिलला शिकायला गेली. घरच्यांनी त्या वेळी दार लावून घेतले असते, तर दोन वर्षांनी रोमला कोण धावले असते?

टेम्पल सरांचे सगळेच नियम आम्हाला पटतात असे नाही. मुलींनी पोरांच्या गाडीत बसायचे नाही, शर्यत संपली की आधी केस-कपडे नीट करायचे आणि मगच फोटोवाल्यांपुढे उभे राहायचे. पुरुष धावपटूला असले कोणी सांगत नाही. पण धावणारी मुलगी म्हणजे पुरुषी मुलगी, असे वर्तमानपत्रे उघड लिहीत होती, असा तो काळ होता. सर त्या टीकेला आपल्या परीने तोंड देत होते. त्याचा भार पडला मात्र मुलींवर.

रोममध्ये शंभर मीटरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव करताना विल्माचा पाय एका खड्ड्यात मुरगळला. तरी तिने शंभर जिंकली, दोनशे जिंकली. रिलेच्या अंतिम फेरीत बार्बरा जोन्सकडून बॅटन घेताना गडबड झाली, बॅटन पडता पडता राहिले, वेळ गेला. त्यानंतर विल्माने पुढच्या धावपटूला गाठले आणि मागे टाकले. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकन महिलांनी धावण्यात मिळवलेली तिन्ही सुवर्णपदके अशी या संघाची झाली.

गावाने मिरवणूक काढायचे ठरवले. तोपर्यंत क्लार्क्सव्हिलमध्ये गोरे आणि काळे एका कार्यक्रमाला एकत्र बसत नसत. विल्माने कळवले, वेगवेगळे बसवणार असाल तर मी येणार नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नॅशव्हिलच्या दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव खाणावळींत जाऊन बसण्याचे सत्याग्रह झाले होते, आणि त्यात तिच्या विद्यालयाचे विद्यार्थीही होते. शेवटी गावाला नमावे लागले. ४ ऑक्टोबर १९६० ची मिरवणूक आणि मेजवानी हा त्या गावातला गोऱ्या-काळ्यांचा पहिला एकत्र कार्यक्रम ठरला.

विल्मानंतर वायोमिया टायस आली. जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावची. वडील दुधाच्या डेअरीवर कामाला होते, ती पंधरा वर्षांची असताना वारले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला निघताना सगळ्यांची भिस्त तिच्याच संघातल्या एडिथ मॅकग्वायरवर होती. टायसला सांगितले होते, तू अनुभव घे, तुझी पाळी १९६८ ला. टायस मात्र शंभर मीटरमध्ये पहिली आली, एडिथ दुसरी. दोनशेचे सोने मग एडिथने घेतले. एकाच खोलीतल्या दोघी मैत्रिणींसारख्या या मुली राहत, आणि ते तसेच राहिले.

१९६८ ला मेक्सिकोत टायसची ‘पाळी’ आली. अंतिम शर्यतीपूर्वी बाकीच्या जणी श्वास रोखून उभ्या असताना ती आपल्या जागेमागे चक्क नाचत होती. अंग मोकळे राहावे म्हणून! जागतिक विक्रम करून तिने पुन्हा शंभर मीटर जिंकली. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये हे सुवर्ण मिळवणारी जगातली पहिली व्यक्ती ती; तोपर्यंत पुरुषांतही कोणाला ते जमले नव्हते. त्याच स्पर्धेत मॅडलिन मॅनिंगने आठशे मीटरचे सोने घेतले. आणि त्याच स्पर्धेत टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या दोघा कृष्णवर्णीय धावपटूंनी पदके घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, म्हणून त्यांना घरी धाडण्यात आले. त्यांची मूठ जगाने पाहिली. टायस संघाची पांढरी चड्डी न घालता गडद रंगाची घालून धावली, हे फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. रिलेचे सोने मिळाल्यावर तिने ते स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केल्याचे जाहीर केले. तिच्यासारखा पराक्रम कार्ल लुईसने केला तेव्हा १९८८ साल उजाडले होते, आणि पुष्कळ ठिकाणी छापून आले की असे करणारा तोच पहिला. ग्रिफिनमध्ये टायसच्या नावाचे उद्यान झाले ते १९९९ मध्ये, शर्यतीनंतर एकतीस वर्षांनी.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या पी. टी. उषा, वल्सम्मा, शायनी अब्राहम आणि वंदना राव चार गुणिले चारशे मीटर रिलेच्या अंतिम फेरीत धावल्या आणि सातव्या आल्या. ती शर्यत ज्या अमेरिकन चौघींनी जिंकली, त्यांत चँड्रा चीझबरो होती. ती टायगरबेल. १९९४ मध्ये टेम्पल सर निवृत्त झाले, आणि पुढे त्याच विद्यापीठात, सरांचे नाव दिलेल्या धावपट्टीवर, मुलींना पळवायचे काम चँड्राने हाती घेतले. ही धावपट्टी पूर्ण गोल आहे.