धूर झोपलेल्याला उठवत नाही

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना कारखान्याच्या छताला बसवलेली पांढरी, वाटीएवढी डबी ओळखीची असते. धूर आला की ती इशारा देते, हेही त्यांना माहीत असते. पाळी संपवून तोच कामगार शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या आपल्या खोलीवर येऊन झोपतो, तेव्हा डोक्यावर पंखा असतो, ती डबी मात्र नसते. खरे तर तिची गरज तिथेच जास्त असते. कारखान्यात रात्रपाळीलाही कोणीतरी जागे असते, घरात सगळेच झोपलेले असतात.

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना पाहा. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतील पूर्णानगरात एका दुकानाला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. आग वरपर्यंत पोहोचलीच नव्हती, मृत्यू गुदमरून झाले, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीतही तसेच घडले. खाली दुकान, वर घर, पहाटेची वेळ आणि सात मृत्यू.

शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठेतून चक्कर मारली तर खाली दुकान आणि वर घर अशी रचना जागोजागी दिसेल. म्हणून या घटना दूरच्या समजून चालणार नाही.

माणूस जागा का होत नाही?

धुराचा वास आला की जाग येईलच, असे आपण गृहीत धरतो. पण गाढ झोपेत वासाची जाणीव जवळपास बंद पडते. आवाजाने माणूस उठतो, वासाने उठेलच असे नाही. त्यातच फोम, रेक्झिन, प्लास्टिक, वायरचे आवरण जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. परिणामी मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि झोपेतला माणूस उठण्याऐवजी बेशुद्धीकडे जातो. जाग आली तरी हातपाय साथ देत नाहीत.

धूर-अलार्म हेच काम आपल्या वतीने करतो. नाकाऐवजी तो कानाला उठवतो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या आकडेवारीनुसार, चालू स्थितीतील अलार्म असलेल्या घरांत आगीत मृत्यूचा धोका इतर घरांच्या तुलनेत निम्म्याहून कमी असतो. यातले ‘चालू स्थितीतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

डबीच्या आत काय असते?

घरगुती अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात एक प्रकाशकिरण सोडलेला असतो. कवडशात धूळ चमकते, तसे धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. याला फोटोइलेक्ट्रिक अलार्म म्हणतात. गादी, वायर किंवा कपडा धुमसत असताना तो लवकर ओळखतो. दुसऱ्या, आयोनायझेशन प्रकारात अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. भडकलेल्या ज्वाळा तो लवकर टिपतो, पण फोडणीच्या धुराने उगाच वाजण्याची शक्यताही त्यातच अधिक. तो सुरक्षित असतो, मात्र उघडून पाहू नये. झोपण्याच्या खोलीसाठी पहिला प्रकार बरा.

खरेदी करताना एक गफलत टाळावी. कार्यालयांत बसवण्याचे अनेक डिटेक्टर भिंतीवरच्या पॅनेलला जोडल्याशिवाय वाजतच नाहीत. घरासाठी बॅटरीवर चालणारा आणि भोंगा आतच असलेला, स्वतंत्र अलार्म हवा. खोक्यावर ‘ईएन १४६०४’ किंवा ‘यूएल २१७’ या मानकाचा उल्लेख आहे का, हे पाहावे. बॅटरीवरचा असल्याने वीज गेली तरी तो जागा राहतो. वाडी-वस्तीवर हा मोठा फायदा आहे.

कुठे बसवावा?

धूर आधी वर जातो, म्हणून अलार्मची जागा छताला. भिंतीवर लावायचा तर छतापासून एक फुटाच्या आत. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक, खोल्यांबाहेरच्या वाटेत एक आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक, ही आदर्श व्यवस्था. एकच घेणे परवडत असेल तर तो झोपण्याच्या जागेजवळ लावावा. खाली दुकान असेल तर दुसरा जिन्याच्या माथ्यावर, कारण जिना धुरासाठी धुराड्यासारखा असतो.

आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो. त्याच्या पात्याच्या टोकापासून अलार्म किमान तीन फूट दूर असावा, नाहीतर वाऱ्याने धूर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गॅसच्या शेगडीपासून दहा फूट अंतर ठेवावे. चुलीच्या खोलीत तो लावूच नये, रोज वाजेल आणि चार दिवसांत कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल.

पत्र्याच्या घरांत वेगळी अडचण येते. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो आणि अलार्मची क्षमता साधारण ४० ते ५० अंशांपर्यंतचीच असते. शिवाय तापलेल्या हवेचा थर धुराला वर येऊ देत नाही. अशा घरात पत्र्याला न लावता त्याखालच्या भिंतीवर किंवा आडव्या तुळईवर, माहितीपत्रकातील मर्यादा पाहून लावावा.

निगा

अलार्म बसवला आणि विसरला, असे करता येत नाही. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून आवाज ऐकावा. संकष्टी असो वा पगाराचा दिवस, एक दिवस ठरवून टाकावा. आवाज शेवटच्या खोलीत, दार लावलेले असतानाही ऐकू येतो का, हे पाहावे. लहान मुले भोंग्यानेही झोपून राहू शकतात, त्यांना कोण उठवणार ते आधीच ठरवावे. ऐकायला कमी येणाऱ्या आजी-आजोबांचेही तेच.

साधी बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. थोड्या-थोड्या वेळाने ‘टिक्’ असा बारीक आवाज येऊ लागला, तर तो बॅटरी संपत आल्याचा इशारा असतो. धूळ, कोळ्याची जाळी, किडे आत गेले की अलार्म उगाच वाजतो किंवा वाजतच नाही. म्हणून अधूनमधून कोरड्या मऊ ब्रशने साफ करावा, पाणी लावू नये. दिवाळीआधी रंग देताना त्यावर पिशवी बांधावी आणि काम संपताच ती आठवणीने काढावी. दहा वर्षांनी अलार्म बदलावाच. निर्मितीची तारीख मागे छापलेली असते.

अलार्म काय करत नाही?

तो सिलिंडरची गळती ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तिचा डिटेक्टर वेगळा असतो आणि जमिनीजवळ लावतात. थंडीत दार-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवली, तर धुराविनाच कार्बन मोनॉक्साइड साचतो, तोही हा अलार्म सांगत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, हाच त्यावर उपाय.

आणि तो दार उघडत नाही. चोरीच्या भीतीने आपण खिडक्यांना पक्क्या जाळ्या बसवतो, रात्री शटर खाली ओढतो, कुलपाची किल्ली भलतीकडेच ठेवतो. जिन्यात गोण्या, खोकी, चार्जिंगला लावलेली दुचाकी. अशा घरात अलार्म वाजला तरी जायचे कुठे? एका तरी खिडकीची जाळी आतून उघडणारी करून घ्यावी. किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, सर्वांच्या हाताला येईल अशी असावी. विजेवरची दुचाकी किंवा तिची बॅटरी रात्रभर बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्ज करू नये.

अलार्म वाजला की वस्तू गोळा करत बसू नये. धूर असेल तर वाकून किंवा रांगत बाहेर पडावे, कारण जमिनीलगत हवा तुलनेने स्वच्छ असते. जाताना दार ओढून घ्यावे, लिफ्ट वापरू नये आणि बाहेर आल्यावरच १०१ किंवा ११२ ला फोन करावा. वस्तीपर्यंत बंब येईपर्यंतचा वेळ बराच असू शकतो. तेवढ्यात घर वाचेलच असे नाही, पण वेळेवर उठलेली माणसे वाचतात.

एका स्वतंत्र अलार्मला चांगल्या मिक्सरपेक्षा कमी पैसे लागतात. नवे घर बांधताना पंख्याचा हूक कुठे हवा, हे आपण गवंड्याला आवर्जून सांगतो. अलार्मची जागाही त्याच वेळी ठरवावी.