जाम नट आणि बैलगाडीची धाव

स्कूटरचा मागचा मडगार्ड काढताना माझ्या हातून एक बोल्ट तुटला, त्याला आता बरीच वर्षं झाली. नटावर पाना, पान्यात खोचलेला हातभर लोखंडी नळीचा तुकडा आणि मागून शेजारच्या काकांचं प्रोत्साहन : "लाव जोर, सुटतोय!" सुटत नव्हता, पिळवटत होता. टक्‌ असा आवाज आला. अर्धा बोल्ट नटासकट खाली पडला, अर्धा आत राहिला. दहा मिनिटांचं काम दोन दिवसांनी लेथवाल्याच्या हातून संपलं.

नट हलत नाही म्हणजे जोर कमी पडतोय, हा गैरसमज सगळ्यांत महागडा. 6 मिलिमीटरचा चांगल्या पोलादाचा बोल्ट नीट कसायला साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी दहा किलोचा भार दिला, की पीळ 20 न्यूटन-मीटर होतो. नळी घालून पाना 60 सेंटिमीटरचा केला, तर त्याच भाराला 60. त्याआधीच बोल्टची मान मोडलेली असते. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट 100 न्यूटन-मीटरच्या आसपास कसलेले असतात. तिथे लांब दांडा शोभतो. मडगार्डला नाही.

मुळात नट धरून कोण ठेवतं, ते पाहा. गंज हा ज्या लोखंडापासून होतो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. पण तो ठिसूळही असतो. म्हणून सलग जोरापेक्षा हादरा जास्त उपयोगी पडतो. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे मोजके, सरळ ठोके द्यायचे, मग सोडण्याआधी नट किंचित कसायचा. उलट वाटतं, पण कसतानाही गंजाचा थर तडकतोच. हलला की पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. एका दमात काढायला गेलं, की सुटा झालेला गंजाचा चुरा आट्यांत अडकतो आणि नट अर्ध्यावर पुन्हा रुततो.

तेलाचं म्हणाल, तर निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा हा जणू सर्व रोगांवर उतारा. डब्ल्यूडी-40 या नावाचाच अर्थ 'पाणी हटवणारं, चाळिसावं मिश्रण' असा आहे. 1953 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते तयार झालं, आणि त्याचं सुरुवातीचं मोठं काम म्हणजे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणं. ओल हटवायला ते उत्तम, हलक्या गंजात झिरपायलाही ठीक. पण मागे राहणारा थर अगदी पातळ असतो. म्हणून सायकलची साखळी किंवा करकरणारी बिजागरी त्यावर महिनोन्‌महिने चालेल, ही अपेक्षा चूक. मुरलेल्या गंजासाठी वेगळी पेनिट्रेटिंग तेलं मिळतात. तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. माझ्या लेथवाल्यानं पहिला प्रश्न हाच विचारला होता : "तेल कधी घातलं?" "आत्ताच येताना," मी म्हणालो. त्यानं तो भाग कोपऱ्यात ठेवला आणि मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

घरातलं खोबरेल हा तर आपला जुना सोबती. कुलपात खोबरेल, शिलाई मशीनमध्ये खोबरेल, पंख्यातही तेच. पण खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजतं. नागपूर-नाशिकच्या थंडीत बाटलीतलं तेल काडीनं उकरावं लागतं, तिथे कुलपातलं वेगळं कसं वागेल? जवसाचं तेल याहून वाईट. ते हवेत सुकून चिवट पापुद्रा धरतं, म्हणून तर रंगात वापरतात. यंत्राला यंत्राचंच तेल द्यावं.

शिवाय जे अडकलंय ते दर वेळी गंजानंच अडकलेलं नसतं. मिक्सरच्या भांड्याचं पातं फिरत नसेल, तर बहुधा चटणीचा किंवा रसाचा गाळ वाळून बसलेला असतो. त्यावर तेल नाही, गरम पाणी. आधी मशीनचा प्लग काढायचा, भांडं वेगळं करायचं, पात्याखाली पाणी मुरू द्यायचं. बोअरच्या पाण्यावरच्या नळाच्या तोटीला पांढरा क्षार धरलेला असतो. तो व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वानं विरघळतो, तेलानं नाही. फ्रीझरमध्ये चिकटलेला बर्फाचा ट्रे सुरीनं उचकटणाऱ्यांना तर हात जोडून विनंती : फ्रिज बंद करा आणि वाट पाहा. सुरीचं टोक नळीत गेलं, की बर्फाबरोबर फ्रिजही गेला. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमधला वायू ज्वलनशील असतो, हे वेगळंच.

आता उष्णतेकडे येऊ. 'नट तापवला, की धातू आतल्या बाजूलाही फुगतो आणि भोक लहान होतं,' असं शिकलेली माणसंही सांगतात. त्यांनी लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलेलं नसावं. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहान असते. ती जाळात लाल करतात, तशी मोठी होऊन चाकावर बसते. वर पाणी ओतलं, की आवळते. भोक धातूबरोबरच वाढतं. पोलाद दर अंशाला दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढतं, म्हणजे 10 मिलिमीटरचं भोक 200 अंशांनी तापवलं तर 0.024 मिलिमीटर मोठं होतं. एवढ्यानंही गंजाची पकड तडकायला मदत होते. मात्र आच नटाला द्यायची, बोल्टला नाही. लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा गोंद, लावलेला बोल्ट असेल, तर तो सुमारे 250 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय बहुधा दाद देत नाही. आणि नुकताच फवारा मारलेल्या जागी, पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर ज्योत मुळीच न्यायची नाही.

कधीकधी तर नट जामच नसतो, आपण तो कसत असतो. सायकलचं डावं पेडल, टेबलफॅनच्या पात्यावरची टोपी, बऱ्याच मिक्सरांचा खालचा कपलर यांना उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतात. फिरण्याच्या ओघात आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही सोय. वेल्डिंगवाल्याच्या अ‍ॅसिटिलीन सिलिंडरलाही उलटे आटे असतात, पण तिथे कारण वेगळं : ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसू नये.

फुलीच्या स्क्रूचं डोकं गुळगुळीत होण्याचा दोष स्क्रूकडे जातो. जपानी घडणीच्या जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनांवरचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण त्यांची खाच थोडी वेगळी, जेआयएस मापाची. साधा ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही आणि जोर लावला की वर उसळतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर घ्यायचा, नाहीतर हातोडी मारल्यावर स्वतः फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर.

परत बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावलं, की पुढच्या खेपेचा त्रास वाचतो, विशेषतः अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात. चाकांचे नट मात्र याला अपवाद. कसताना लावलेल्या पिळातला साधारण 90 टक्के भाग घर्षणातच जातो. तेलानं घर्षण घटलं, की तेवढ्याच पिळात बोल्ट बराच जास्त ताणला जातो. म्हणून गाडी बनवणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं नसेल, तर चाकाचे आटे ब्रशनं घासून कोरडेच कसायचे.